नेमबाजाचा कारागीर : शोध आणि प्रतीक्षा



विषयाचे नाव वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या वस्त्यांचा आणि बंदुकीचा संबंध तो काय? चाळीतल्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा अपुरी. तेथे रायफल कोण ठेवणार, आणि ती दुरुस्त करणाऱ्याची चौकशी तरी कोण करणार? शंका रास्त आहे. पण वस्तुस्थिती तिच्या पुढे गेली आहे. एन.सी.सी.च्या ओढीने दादरच्या कीर्ती महाविद्यालयात दाखल झालेली अंजली वेदपाठक नावाची विद्यार्थिनी 1988 साली नेमबाजीकडे वळली. पुढे अंजली भागवत या नावाने तिने 2000 साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली आणि 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकली. वरळीच्या मैदानावर संजय चक्रवर्ती यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली एक पिढीच्या पिढी तयार झाली. चक्रवर्ती 2021 साली निवर्तले. पण त्यांनी लावलेले वेड मागे राहिले. आज शाळकरी मुले दप्तराबरोबर लांबलचक पेटी घेऊन लोकलने सरावाला जातात आणि त्यांचे आईबाप कर्ज काढून परदेशी एअर रायफल विकत घेतात.

ही रायफल एक ना एक दिवस बिघडते. मग घरात दोन प्रश्न उभे राहतात. ही कोणाच्या हाती द्यावी? आणि दिली तर परत केव्हा मिळेल? आज या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. माझे सांगणे थोडक्यात असे : चांगल्या बंदूक-कारागिराच्या दारातली रांग ही त्याच्या आळसाची खूण नव्हे, ती आपल्या दुर्भिक्षाची खूण आहे. ज्याला हे उमगले त्याला कारागीर ओळखताही येतो आणि वाट पाहताही येते. आणि ज्या समाजाला हे उमगेल तो ती रांग हळूहळू कमीही करील.

कारागीर करतो तरी काय?

इंग्रजीत ज्याला गनस्मिथ म्हणतात आणि पोलीस व लष्करात आर्मरर म्हणतात, त्याला आपण बंदूक-कारागीर म्हणू. त्याचे काम किती नाजूक आहे हे कळण्यासाठी खेळाची मापे पाहावी. दहा मीटरच्या एअर रायफल स्पर्धेत लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. खेळाडूने उभ्याने, साडेपाच किलोपर्यंतच्या वजनाची रायफल खांद्याला लावून, 75 मिनिटांत 60 वेळा त्या ठिपक्याचा वेध घ्यावयाचा असतो. छर्रा 4.5 मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे ठिपक्याला नुसता स्पर्श झाला तरी दहा गुण पदरात पडतात. परंतु आजकालच्या मोठ्या स्पर्धांत गुण दशांशात मोजले जातात आणि अंतिम फेरीतले स्थान दशांशाच्या फरकाने हुकते.

अशा खेळात हत्याराचा कोणता भाग महत्त्वाचा नाही? नळी स्वच्छ हवी, आणि ती चुकीच्या तऱ्हेने साफ केली तर स्वच्छतेपायीच खराब होते. दस्ता हाताला आणि गालाला बसलेला हवा. चाप दर वेळी तेवढ्याच भाराने सुटला पाहिजे. पुढची माशी आणि मागची साईट एक केसभरही हलता कामा नये. आणि या साऱ्यांहून लपलेली गोष्ट म्हणजे हवा. नव्या पद्धतीच्या एअर रायफलीच्या नळकांड्यात हवा साधारणपणे 200 बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या ऐंशी-नव्वदपट असा हा दाब आहे. तो दाब आत एका झडपेतून उतरून प्रत्येक छर्र्यामागे सारखाच लागावा, यासाठी रबराच्या लहान लहान कड्या बसवलेल्या असतात. एका कडीला चीर पडली की छर्र्याचा वेग कमीजास्त होऊ लागतो. आणि खेळाडू मात्र आपल्याच हाताला दोष देत बसतो.

म्हणून या कारागिराची तुलना करावयाची तर तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याशी करावी. तंबोरा दिसतो तसाच असतो, तारा त्याच असतात. पण घोडीचा पृष्ठभाग किंचित घासला आणि खाली सुताचा धागा जागच्या जागी सरकला की तोच तंबोरा बोलू लागतो. जे बिघडले ते डोळ्यांना दिसत नाही आणि जे सुधारले तेही दिसत नाही. परिणाम तेवढा प्रत्ययाला येतो.

ही तुलना मी केवळ अलंकार म्हणून केलेली नाही. मिरजेच्या ज्या घराण्याने महाराष्ट्राला तंबोरे आणि सतारी दिल्या, ते घराणे मुळात शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणाऱ्यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचे गिऱ्हाईक सरले तेव्हा फरीदसाहेबांनी आपला हात वाद्यांकडे वळवला आणि पुढे त्यांच्या वंशाचे नावच सतारमेकर पडले. मिरजेच्या या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रावर बसलेला हात वाद्यावर चालला. कारण मापाची नजर, घाई न करणारे बोट आणि आपल्या कामाची लाज बाळगणारे मन हे भांडवल दोन्हीकडे एकच लागते. संगीताचे यात भले झाले. पण शस्त्राच्या कारागिरीची ओळ आपल्याकडे का तुटली, हा प्रश्न उरतोच.

दुर्भिक्ष कसे आले?

त्याचे उत्तर 1878 या सालात सापडते. त्या वर्षी लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा कायदा झाला. सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना मात्र मोकळीक राहिली. या अपमानाविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांतून वारंवार ठराव झाले. अपमानाची चर्चा पुष्कळ झाली. पण त्या कायद्याने एक धंदाही वाळून गेला याची आठवण कमी लोकांना आहे. गिऱ्हाईकच उरले नाही तर कारागिराने शागीर्द कशासाठी ठेवावा? आपल्या मुंबईत रे रोडकडच्या किनाऱ्याला दारूखाना हे नाव अजून चिकटून आहे. नाव राहिले, त्या काळची विद्या राहिली नाही.

आता योगायोग पाहा. त्याच 1878 साली ऑस्ट्रियातील फेरलाख या लहानशा गावी बंदूक-कारागिरांची सरकारी शाळा निघाली. गाव डोंगराच्या पायथ्याचे, धंदा पूर्वापार चालत आलेला. तो बापाकडून मुलाकडे जाण्यावरच सोडू नये, त्याला चित्रकला, गणित आणि धातुशास्त्र यांची जोड द्यावी, असे तेथल्या शहाण्यांना वाटले. ती शाळा आजही चालू आहे. जर्मनीत या धंद्याची उमेदवारी तीन वर्षांची असते आणि शेवटी परीक्षा असते. आपल्या मुलांच्या हातांतली बहुतेक चांगली रायफल वा पिस्तूल जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांतून येते, याचे कारण त्या शाळांत आणि त्या उमेदवारीत आहे. एकाच वर्षी एका देशाने कारागिराची शाळा काढली आणि दुसऱ्या देशावर कारागिराचे गिऱ्हाईक नाहीसे करणारा कायदा लादला गेला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याचे व्याज आपण रांगेत उभे राहून फेडीत आहोत.

स्वातंत्र्यानंतर चित्र थोडे पालटले. 1951 साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. अखिल भारतीय नेमबाजीची एक मोठी स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. 1959 साली नवा शस्त्र कायदा झाला आणि तो 1962 पासून अमलात आला. 2004 साली राज्यवर्धन राठोड यांना रौप्य, 2008 साली अभिनव बिंद्रा यांना सुवर्ण आणि 2024 साली पॅरिसमध्ये नेमबाजीत तीन कांस्यपदके मिळाली. त्या तिघांतील एक पदक मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे. प्रत्येक पदकासरशी शेकडो मुले मैदानाकडे वळतात. खेळाडू वाढले, रायफली वाढल्या. त्या मानाने कारागीर वाढले नाहीत. पोलीस आणि सैन्यदलांत आर्मररचे शिक्षण मिळते, पण ते त्यांच्या त्यांच्या शस्त्रांपुरते. खेळाच्या हत्यारांचे काम अजून बहुधा उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.

यात परदेशी सुट्या भागांची भर घाला. एक स्प्रिंग किंवा एक झडप हवी असेल तर ती युरोपातून मागवावी लागते. ती एकटीदुकटी येत नाही, दहा जणांच्या मागणीबरोबर येते. आल्यावर जकातीची कागदपत्रे असतात. कारागीर "पंधरा दिवस" म्हणतो तेव्हा त्यातले हाताचे काम कित्येकदा दोन तासांचे असते आणि उरलेले दिवस त्या स्प्रिंगच्या प्रवासाचे असतात.

वेळेची किंमत काय असते?

कोणी म्हणेल, एक हत्यार बिघडले, दुसरे घ्यावे! टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी जे घडले ते या ठिकाणी आठवावे. मनू भाकर या एकोणीस वर्षांच्या मुलीचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले. खटका चढवण्याची लहानशी दांडी मोडली होती. ते दुरुस्त करून परत उभे राहीपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली; ती भरून मिळाली नाहीत. उरलेले नेम तिने घाईने पुरे केले आणि 600 पैकी 575 गुण मिळवून ती बारावी आली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. हत्यार हे खेळाडूच्या तळव्याच्या मापाने घासलेले, त्याच्या बोटाच्या सवयीने लावलेले असते. आयत्या वेळी दुसरे उचलले म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून वाचण्यासारखे होते. त्याच मुलीने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके मिळवली ही आनंदाची गोष्ट. पण तीन वर्षे थांबण्याची ताकद, साधने आणि संधी प्रत्येक घरात नसते. परळच्या एखाद्या गिरणी कामगाराच्या नातीची रायफल राज्य स्पर्धेच्या आदल्या महिन्यात बसली, तर तिचे ते वर्ष जाते. आणि बारावीचे वर्ष पुढे असेल तर खेळही जातो. एवढे मोल या दुरुस्तीला आहे.

विश्वासू माणूस कसा ओळखावा?

विश्वासू कारागीर पाटीवरून ओळखता येत नाही. त्याचे नाव मैदानावर विचारावे. तेही नव्या खेळाडूला न विचारता दहा वर्षे खेळलेल्याला, आणि शक्यतो दोघातिघांना वेगवेगळे विचारावे. तिघांनी एकच नाव घेतले तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे त्याच्या पहिल्या भेटीत उरकते. त्या भेटीत पुढील गोष्टी लक्षपूर्वक पाहाव्या.

पहिली गोष्ट, तो हत्यार हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो की नाही. चांगला वैद्य नाडी पाहण्यापूर्वी जेवण-झोप विचारतो. तद्वत चांगला कारागीर विचारील की दोष केव्हापासून दिसतो, किती छर्रे मारून झाले, छर्रे बदलले का, कोणी आधी उघडली होती का. जो आल्या आल्या पेचकस हातात घेतो त्याच्यापासून सावध राहावे.

दुसरी, तो नाही म्हणू शकतो की नाही. एअर पिस्तुलाचा चाप नियमाप्रमाणे किमान 500 ग्रॅम भार पेलून धरला पाहिजे. स्पर्धेत वजन लावून त्याची तपासणी होते. "आणखी हलका करून द्या" असा हट्ट धरणारे पालक असतात. पैसे घेऊन होकार देणारा त्या मुलाला तपासणीत बाद करवितो. नकार देणारा त्याला वाचवतो.

तिसरी, तो पावती देतो की नाही. पावतीवर हत्याराचा क्रमांक, नळकांड्याचा क्रमांक, सोबत दिलेल्या वस्तू, सांगितलेला दोष आणि अंदाजे खर्च एवढे असावे. चौथी, बदललेला जुना भाग तो परत देतो की नाही. तुटकी कडी आपल्या काय कामाची, असे वाटेल. पण ती पाहिली म्हणजे काय झाले होते हे कळते आणि काम खरोखर झाले याची खात्रीही पटते.

पाचवी आणि सर्वांत मोठी, तो आपल्या कामाची परीक्षा दाखवतो की नाही. रायफल शिकंज्यात घट्ट धरून दहा मीटरवर दहा छर्रे मारले तर निरोगी नळी ते जवळजवळ एकाच भोकातून घालते. दुरुस्तीपूर्वीचा कागद आणि दुरुस्तीनंतरचा कागद शेजारी शेजारी ठेवले की वादाला जागा उरत नाही. छर्र्यांचा वेग मोजण्याचे लहान यंत्र असेल तर तेही आकडे लिहून घ्यावे. हे ज्याला सांगावे लागत नाही, जो आपण होऊन कागद पुढे करतो, त्याच्याकडे महिनाभर थांबण्यात कमीपणा मानू नये.

तारखेविषयीही एक सांगतो. "उद्या या" म्हणणाऱ्यापेक्षा "भाग आला तर वीस दिवस, नाही आला तर कळवीन" म्हणणारा अधिक खरा असतो. खरा कारागीर तारखेबरोबर तिची अटही सांगतो.

वाट कशी पाहावी?

लालबाग-परळच्या लोकांना वाट पाहण्याची विद्या मी शिकवावी असे नाही. गणपतीची मूर्ती भाद्रपदात हवी म्हणून आपण चित्रशाळेत कितीतरी महिने आधी पाट देऊन येतो. मूर्तिकार आळशी आहे असे कोणी म्हणत नाही. त्याचा हंगाम ठरलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते. बंदूक-कारागिराचाही हंगाम असतो. स्पर्धा तोंडावर आल्या की सारे खेळाडू एकदम त्याच्याकडे धावतात. म्हणून पहिला नियम असा, की रायफल बिघडण्याची वाट न पाहता, वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेहून परत येताच ती तपासणीला द्यावी. त्या दिवसांत त्याला सवड असते, आपल्याला घाई नसते, आणि परदेशी भाग मागवावा लागला तरी पुढचा हंगाम दूर असतो.

दुसरा नियम नोंदवहीचा. दर सरावाला किती छर्रे मारले, हवा कितीवर होती, काही वेगळे जाणवले का, हे दोन ओळींत लिहावे. नळकांड्यावर त्याची तारीख कोरलेली असते. नियमाप्रमाणे ते जास्तीत जास्त दहा वर्षे वापरावयाचे आणि ती जबाबदारी खेळाडूचीच असते. पुष्कळांना हे स्पर्धेच्या तपासणीत कळते आणि तेव्हा रडून उपयोग नसतो. हत्यार दुरुस्तीला देण्याआधी दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, साईटचे आकडे, चापाचा भार हे सारे लिहून ठेवावे व त्याचे छायाचित्र घ्यावे. परत आलेल्या रायफलीवर जुनी मापे बसवायला मग घटका पुरते. एरवी आठवडे जातात.

तिसरा नियम निगेचा. आपण समुद्राकाठी राहतो. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेथे पोलादाची काय कथा! सरावानंतर घामाचा हात लागलेली जागा कोरड्या फडक्याने पुसावी. रायफल ओल्या पेटीत बंद करून ठेवू नये. पेटीतला स्पंज दमट हवा धरून ठेवतो. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या पेटीत टाकाव्या आणि त्या अधूनमधून बदलाव्या. निर्मात्याने सांगितले नसेल तेथे तेलाचा थेंबही घालू नये. दाबाच्या हवेशी आणि रबराशी तेलाचे जमतेच असे नाही. एवढे केले तर पुष्कळ दुरुस्त्या मुळातच टळतात.

चौथा नियम धीराचा. हत्यार कारागिराकडे असताना रोज दूरध्वनी करू नये; आठवड्यातून एक दिवस ठरवून विचारावे. अर्धे काम झालेले हत्यार उचलून दुसऱ्याकडे नेऊ नये. दुसरा पहिल्याला नावे ठेवतो आणि दोष कोणाचा हे मग कधीच ठरत नाही. आणि कितीही घाई असली तरी दाबाचे नळकांडे गल्लीतल्या सायकलवाल्याकडे उघडायला देऊ नये. तो आपल्या कामात निष्णात असेल. पण 200 बारचा दाब ही त्याची विद्या नव्हे, आणि तेथे अपघात झाला तर तो खेळापुरता राहत नाही.

आणि त्या रिकाम्या आठवड्यांत खेळाडूने काय करावे? नेमबाजीचे निम्मे शिक्षण छर्र्यावाचून होते. उभे राहण्याची ठेवण, तोल, श्वास, खांदा आणि मान सैल ठेवण्याची सवय यांना रायफल लागतेच असे नाही. क्लबची रायफल मिळाली तर छर्रा न घालता नुसता नेम धरून चाप सोडण्याचा सराव करावा. गवयाचा तंबोरा जवारीला गेला म्हणून तो रियाज थांबवीत नाही.

कायद्याचे भान

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या शक्तीच्या एअर रायफलीला व एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. दहा मीटरच्या खेळाची हत्यारे याच मर्यादेत येतात. पण पुढे खेळाडू पॉइंट टू टू रायफलीकडे किंवा दारूच्या काडतुसांच्या दुसऱ्या कोणत्याही हत्याराकडे वळला की सारा मामला बदलतो. तेथे मालकाला परवाना हवा. मुंबईत तो पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळतो. आणि 1959 च्या कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे असे हत्यार दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना हवा. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या हाती हत्यार देणे म्हणजे दोघांनीही गुन्ह्यात सापडणे. हत्यारावरचा क्रमांक घासणे वा बदलणे हाही गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली आणि सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली. खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत.

ही बंधने कोणाला जाचक वाटतील. मला ती योग्य वाटतात; शस्त्र हे शस्त्रच आहे. आणि यातूनच विश्वासू कारागिराची आणखी एक खूण हाती लागते. काडतुसी हत्यार पुढे ठेवताच तो प्रथम आपला परवाना मागतो आणि मागितल्यास स्वतःचाही दाखवतो. जो परवाना न पाहता काम घेतो, तो आज आपले काम सोईने करील. पण आपल्या आधी कोणाचे केले आणि आपल्या नंतर कोणाचे करील याचा भरवसा नाही.

रांग कमी कशी होईल?

येथवर सांगितले ते एकेकट्या घरासाठी. परंतु प्रत्येकाने शहाणपणाने वाट पाहिली म्हणून कारागिरांची संख्या वाढत नाही. ती वाढवावयाची तर मुंबईसारखी भूमी नाही. परळला रेल्वेचा कारखाना 1879 पासून आहे. आज माटुंग्यास असलेली तंत्रशिक्षणाची मोठी संस्था 1887 सालची आहे. गिरणगावात एके काळी घराघरांत फिटर, टर्नर, जॉबर होते; कानशीच्या दोन घासांत किती धातू जातो हे ज्यांना न मोजता सांगता येई अशी माणसे या वस्तीने पिढ्यान् पिढ्या पाहिली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक गेल्या आणि ते हात पांगले. कोणी भाजी विकली, कोणी पहारेकरी झाले. मिरजेच्या शिकलगारांचे हात वाद्यांकडे वळले तसे या हातांना वळण देणारे कोणी भेटले नाही. पण त्यांच्या घरातली नातवंडे आजही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जातात आणि तेच कसब नव्या यंत्रांवर शिकतात.

त्यांच्यातल्या एखाद्या मुलास किंवा मुलीस चांगल्या, परवानाधारक कारागिराच्या शेजारी दोन-तीन वर्षे बसवता आले तर? 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा धंद्यातल्या उमेदवारीला मान्यता देतो. त्याचा आधार येथे कसा घेता येईल हे जाणकारांनी पाहावे. नेमबाजीच्या संस्थांनी दहा रायफलींच्या वार्षिक तपासणीचे काम एकत्र करून एका कारागिराला आगाऊ दिले, तर त्याला शागीर्द ठेवण्याइतकी निश्चित मिळकत होईल. नेहमी लागणाऱ्या कड्या आणि स्प्रिंगा क्लबने एकदम मागवून ठेवल्या, तर वीस दिवसांची वाट दोन दिवसांवर येईल. यात फार मोठ्या निधीची गरज नाही. कारागिराला आपल्यातला एक मानण्याची मात्र आहे. पदक मिळाले की आपण खेळाडूला हार घालतो, गुरूचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. ज्याने रात्री दिव्याखाली बसून ती कडी बदलली, त्याचे नाव व्यासपीठावर घेतले जात नाही. ज्या धंद्यात नाव नाही आणि मिळकतीचा भरवसा नाही, तेथे हुशार मूल पाऊल ठेवीत नाही. आणि मग त्या एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात रांग लागते.

तेव्हा आपल्या घरची रायफल दुरुस्तीला जाईल त्या दिवशी पावती नीट घ्या, मापे लिहून ठेवा, आणि निघताना त्या कारागिराला एवढे जरूर विचारा, की तुमच्या हाताखाली कोण शिकते आहे? "कोणी नाही" असे उत्तर आले तर आपली रायफल या वेळी दुरुस्त होईल. पुढच्या वेळेची काळजी मात्र आजपासूनच करावी लागेल.